आरसा नाही का घरी?

डॉक्टर ताई, नमस्कार.
माझं नाव छापू नका. मी बार्शी तालुक्यात एका गावात अंगणवाडी सेविका आहे, वय ५३. पाळी जाऊन पाच वर्षं झाली. चार वर्षांपासून खाली खाज येते. दिवसा पोरांच्या गडबडीत भागतं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. झोपेत खाजवून रक्त येतं आणि सकाळी लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी येतं. आधी फंगल म्हणून क्रीम दिली, गोळ्या दिल्या, यांनाही गोळ्या दिल्या. साखर तपासली, ती नाही. जावेनं कडुनिंबाच्या पाल्याचा शेक सांगितला. मी जंतुनाशक घालून धुवायला लागले तर भाजल्यासारखं झालं. गावातलं मेडिकल यांच्या मित्राच्या मुलाचं आहे, म्हणून रिकामी ट्यूब कागदात गुंडाळून मदतनीस बाईंच्या हाती पाठवते.
गेल्या महिन्यात सोलापूरला एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ‘लायकेन स्क्लेरोसस’ लिहिलं आणि तीन महिने लावायचं मलम दिलं. चार दिवसांत खाज थांबली, मी सुखानं झोपले. मग ट्यूब बघून मेडिकलवाला मुलगा बाईंना म्हणाला, हे स्टेरॉइड आहे, पाच दिवसांच्या वर लावू नये, कातडी पातळ होते. मी बंद केलं. आता पुन्हा जैसे थे.
तिथली कातडी पांढरी पडलीय. हे कोड आहे का? मुलीला स्थळं बघतोय. कॅन्सर होतो म्हणतात, खरं का? यांना माझ्यापासून काही होईल का? यांना वाटतं मी टाळते.
– एक वाचक

ताई, आज रात्री ते मलम पुन्हा सुरू करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तो मुलगा खोटं बोलला नाही. आपल्याकडे नायट्याला, चेहरा उजळायला, कशालाही स्टेरॉइडची क्रीम फासतात. त्यातून इतके चेहरे बिघडले की २०१८ मध्ये सरकारला अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालावी लागली. चेहऱ्याला लागू असलेला नियम त्यानं तुमच्या दुखण्याला लावला, एवढीच त्याची चूक. तुमच्या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटलेली असते. तिला आवरायला जोरकस स्टेरॉइडच लागतं, आणि ते अर्ध्यावर सोडलं की आजार पुन्हा डोकं वर काढतो.

तुमच्या चिठ्ठीवर बहुधा क्लोबेटासोल ०.०५ टक्के असेल. नेहमीची पद्धत अशी: पहिले चार आठवडे रोज रात्री एकदा, पुढचे चार आठवडे एक दिवस आड, नंतरचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ पिळली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि एका वेळेला त्याहून जास्त नको. हिशेब करून बघा. २८ अधिक १४ अधिक ८, म्हणजे ५० वेळा, म्हणजे २५ ग्रॅम. ३० ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने पुरून उरते. ती महिन्यात संपली तर तुम्ही जास्त लावताय, आणि सहा महिने टिकली तर घाबरत लावताय. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, मेडिकलवाल्याचं नको.

आता माझं सांगते. तीस वर्षं मी बायका तपासल्या, हजारो. छप्पन्नाव्या वर्षी मला खाज सुरू झाली आणि मी काय केलं? फंगल असेल म्हणून तीच क्रीम, तीच गोळी. दीड वर्ष! पेशंट म्हणून कुणी अशी आली असती तर मी आधी टेबलावर घेऊन दिवा लावून पाहिलं असतं. स्वतःला कधी पाहिलंच नाही. शेवटी पुण्यात त्वचेची डॉक्टर असलेली वर्गमैत्रीण तपासता तपासता म्हणाली, “काय गं, आरसा नाही का घरी?” त्या रात्री नवऱ्याचा दाढीचा आरसा घेऊन बाथरूमची कडी लावली. योनीच्या तोंडाशी डावीकडचा लहान ओठ जवळजवळ नव्हताच. आजूबाजूच्या कातडीत मिसळून सपाट झाला होता. मलमानं खाज गेली, भेगा भरल्या, कातडीला बराच रंग आला. तो ओठ काही परत आला नाही. दीड वर्षाची ती किंमत.

म्हणून तुम्हीही एक छोटा आरसा घ्या. महिन्यातून एकदा, पायाखाली पाट घेऊन, उजेडात. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं, तिसऱ्यांदा होत नाही. मलम नेमकं कुठं लावायचं हेही त्यानं कळतं. पांढरेपणा पुढच्या बाजूनं सुरू होऊन मागे शौचाच्या जागेभोवती गेलेला असतो, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. बऱ्याच जणी फक्त खाजतं तिथं लावतात आणि मागचा भाग राहून जातो.

कोडाचं म्हणाल तर कोडात फक्त रंग जातो. कातडी मऊच राहते आणि सहसा खाजत नाही. यात ती कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, सुरकुतलेली होते आणि जराशा ताणानं चिरते. दोन्ही आजार एकाच बाईला असू शकतात हे खरं. थायरॉइडचा त्रासही यासोबत बऱ्याच जणींत सापडतो, तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्या. काही घरांत आई आणि मुलगी दोघींना हे होतं, पण बहुतेक घरांत होत नाही. मुलीच्या स्थळांशी याचा काडीचा संबंध नाही. तिला एवढंच सांगा की तिला कधी खाज सुटली तर आईसारखी चार वर्षं थांबू नकोस.

कॅन्सरचा प्रश्न तुम्ही शेवटाकडे आणि एका ओळीत विचारलात. झोप त्यानंच उडाली असणार. धोका आहे, मोठा नाही, आणि तो तुमच्या हातात आहे. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३५७ जणींनी मलम सांगितल्याप्रमाणे लावलं. त्यांच्यापैकी एकीलाही कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी दिसली नाही. चालढकल करणाऱ्या १५० जणींत सात जणींना दिसली. म्हणून तीन महिने झाले आणि खाज गेली तरी ट्यूब फेकायची नाही. मी आजही बुधवारी आणि रविवारी लावते, आणि तुमचेही दोन वार ठरवा. आरशात गाठ, जाड खडबडीत चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम दिसली तर दवाखाना गाठा. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासतील.

यांना तुमच्यापासून काहीही होत नाही. हा संसर्ग नाही, त्यामुळे त्यांनी खाल्लेल्या गोळ्या फुकट गेल्या. तुम्ही टाळता हे मात्र खरं आहे, आणि टाळायलाच हवं होतं. चिरलेल्या जागेवर कुणी मीठ चोळू देईल का? भेगा भरेपर्यंत थांबा. मग घाई न करता, मेडिकलमध्ये मिळणारं साधं वंगण वापरून बघा. आत जागा आवळल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. पाळी गेल्यामुळे आलेला कोरडेपणा वेगळा, त्याला इस्ट्रोजेनची क्रीम देतात, पण ती या आजाराचं औषध नाही. लेझरच्या जाहिरातींना पैसे घालवू नका. यांच्याशी बोलायला तोंड उघडत नसेल तर हे पान उघडं करून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. पत्रावर नाव नाही. त्यांनी ओळखलंच, तर बरंच झालं.

राहिलं धुण्याचं. साबण नको, जंतुनाशक नको, कडुनिंबही पुरे. साधं पाणी, मऊ सुती कापडानं टिपून घेणं. लघवीला जाण्याआधी व्हॅसलीनचा पातळ थर लावला की झोंबत नाही. नखं कापून ठेवा, झोपेतल्या हाताचा भरवसा नसतो. आणि ट्यूब मागवायला सोलापूर किंवा बार्शीचं दुकान धरा. मदतनीस बाईंना आता सुट्टी द्या.

*

ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शौच दाबून ठेवते, रडते, कधी चड्डीला रक्त लागतं. शूच्या जागेची कातडी पांढरी आणि मध्ये मध्ये लालजांभळी दिसते. शेजारच्या नर्सबाईंनी ‘कुणी काही केलं तर नाही ना’ असं विचारलं. तेव्हापासून मला जेवण जात नाही.
– एक आई, रत्नागिरी

नर्सबाईंवर रागावू नका. लहान मुलीच्या तिथे रक्त दिसलं की तो प्रश्न विचारायलाच हवा, डॉक्टरही विचारतील. पण वरच्या पत्रातला आजार लहान मुलींनाही होतो. त्यात कातडीखाली रक्त साकळतं आणि ते मारहाणीच्या वळासारखं दिसतं. यापूर्वी अनेक घरांवर त्यावरून नाहक संशय आला आहे. निदान मात्र बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञानं डोळ्यांनी पाहूनच करायचं. माझ्या पत्रावरून नाही.

शौच ती हट्टानं दाबत नाहीये. भेगेवरून खडा गेला की जीव जातो, म्हणून ती थांबवते, मग खडा आणखी घट्ट होतो. तेव्हा रागावणं बंद. भरपूर पाणी, पपई, पेरू, आणि डॉक्टर देतील ते शौच मऊ करणारं औषध. मुलींनाही हेच जोरकस मलम देतात, घाबरू नका. वयात आल्यावर आपोआप जातं असं पूर्वी आम्हाला शिकवलं होतं. तसं भरवशानं होत नाही, तेव्हा खाज थांबली तरी वर्षातून एकदा तरी दाखवत राहा.

शाळेत बाईंना एवढंच सांगा, हिनं हात वर केला की लगेच जाऊ द्या. कारण सांगत बसायची गरज नाही.