प्रार्थनेनंतरचा पहिला अर्धा तास

प्रश्न : आम्ही दोघंही परदेशात नोकरी करतो. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊची. मंडळी (चर्च) लांब असल्यामुळे दर रविवारी उपासनेला जाणं होत नाही, म्हणून मी रोज पहाटे तासभर पवित्र शास्त्र वाचते आणि प्रार्थना करते. परवा मुलगा म्हणाला, "मम्मी, तू प्रार्थना करून उठलीस की जास्तच चिडलेली असतेस." ते फार लागलं. यजमान प्रार्थनेला बसत नाहीत, त्यावरूनही कुरबुर चालू असते. माझा हा तास वाया जातोय का? – एक आई

ताई, तास वाया जात नाहीये. पण मुलगा म्हणतोय ते बहुतेक खरं असणार, आणि त्याने ते तोंडावर सांगितलं हे चांगलंच झालं. आपण कसे वागतो हे आपल्याआधी घरच्यांना कळतं. बायबलमधल्या मोशेचं बघा ना. चाळीस दिवस सीनाय पर्वतावर देवाजवळ राहून तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत होता, आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता (निर्गम 34:29). दिसलं ते त्याच्या भावाला, अहरोनाला, आणि लोकांना. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान न्यायसभेपुढे उभे होते तेव्हाही असंच झालं. ही शिकलेली माणसं नाहीत, तरी एवढी धिटाई कुठून आली, असं पुढाऱ्यांना वाटलं, आणि हे येशूबरोबर होते हे त्यांच्या ध्यानात आलं (प्रेषितांची कृत्ये 4:13). देवाजवळ घालवलेला वेळ आपल्यात उतरलाय का, हे आरशात बघून कळत नाही. तुमच्या घरात ते बघणारा एक चौदा वर्षांचा मुलगा आहे.

(मोशेचं नाव काढलंच आहे तर आधीच सांगते. त्याच मोशेने त्याआधी एकदा पर्वतावरून उतरून रागाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या होत्या, हा दाखला तुम्ही मुलाला द्याल. देऊ नका. तिथे लोकांचा सोन्याच्या वासराच्या मूर्तीभोवती नाच चालला होता. आपल्या घरी फार तर ओला टॉवेल पलंगावर पडलेला असतो.)

आता तुमच्या तासाकडे येऊ. तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज असा : वीसेक मिनिटं शांत जातात. मग मुलगी उठते, तिला एकच मोजा सापडलेला असतो. तेवढ्यात भारतातून फोन, कारण तिकडे दिवस केव्हाच सुरू झालाय. तुम्ही डोळे मिटून घट्ट बसून राहता, पण कान दाराकडे. शेवटी "आमेन" म्हणून उठता तेव्हा मनात एकच गोष्ट असते : या घरात मला एक तासही मिळू देत नाहीत. बाहेर येऊन जो आवाज लागतो तो या रागाचा.

इथे मत्तयाचा चौदावा अध्याय सावकाश वाचा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी येते आणि प्रभू येशू तारवात (होडीत) बसून एकांतात जायला निघतो. त्याला एकांत हवा होता, आणि कारणही केवढं मोठं होतं. किनाऱ्याला लागतो तर लोक पायी चालत येऊन आधीच तिथे जमलेले. आपण असतो तर काय म्हटलं असतं, ते लिहायला नको. त्याला मात्र त्यांचा कळवळा आला. दिवसभर त्याने आजाऱ्यांना बरं केलं, संध्याकाळी हजारोंना जेवू घातलं, मग लोकांना निरोप दिला आणि तेव्हा कुठे तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. एकांत त्याने सोडला नाही, पुढे ढकलला. मार्काच्या पहिल्या अध्यायातही तो पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला जातो आणि त्याचा शिष्य शिमोन त्याला शोधत येतो, "सगळे तुम्हाला शोधत आहेत." त्यावर "मी प्रार्थना करतोय, दिसत नाही का?" असं उत्तर नाही. तो उठतो आणि पुढच्या गावांकडे निघतो.

मोजा शोधून देणं हा तुमच्या प्रार्थनेतला व्यत्यय आहे असं तुम्ही धरून चालता, तिथे गडबड होते. प्रेषित पौलाने पवित्र आत्म्याचं फळ म्हणून नऊ गोष्टी सांगितल्या (गलती 5:22-23) : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. सहनशीलता बंद खोलीत एकट्याने कशी दाखवणार? ममता कोणावर करणार? त्यासाठी समोर कोणीतरी लागतं, आणि बहुधा ते चुकीच्या वेळीच येतं.

म्हणून माझा सल्ला, तास कमी करा. मंडळीतल्या काहींना हे पटणार नाही, पण तुमच्या घरात सध्या पहाटेचा एक तास बसत नसेल तर पंचवीस मिनिटं बसा आणि मुलं उठायच्या आत उठा. तीन अध्याय संपवायची घाई नको, चार-पाच वचनं पुरेत. बायबल फोनवर वाचत असाल तर छापील प्रत मागवून घ्या. स्तोत्र वाचता वाचता वरून नातेवाइकांच्या ग्रुपचे मेसेज घरंगळत येतात, आणि स्तोत्रकर्त्या दाविदाच्या जागी कोणाच्या तरी लग्नाचे फोटो सुरू होतात.

शेवटची पाच मिनिटं घरच्यांसाठी ठेवा, पण "प्रभू, माझ्या मुलांना आशीर्वाद दे" एवढ्यावर सोडू नका. आज मुलाची कसली परीक्षा आहे, मुलीचं कोणत्या मैत्रिणीशी बिनसलंय, ते नाव घेऊन सांगा. ते माहीत नसेल तर आधी त्यांना विचारावं लागेल, आणि निम्मं काम तिथेच होतं. संध्याकाळी तो घरी आला की "पेपर कसा गेला?" हे तुमच्या तोंडून आपोआप येईल. "सकाळी मी तुझ्यासाठी प्रार्थना केली होती" हे जोडायची गरज नाही. मला विचाराल तर, कौटुंबिक ग्रुपवर रोज सकाळी वचन पाठवण्यापेक्षा ही साक्ष मोठी आहे.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. त्यांची नेमणूक स्वयंपाकघरात, पुढे चपला दुरुस्त करायला. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ त्यांना वेगळी वाटत नसे, दोन्हीकडे ते देवाजवळच असत. आपण तिथवर पोचू की नाही माहीत नाही. पण गाडीत, लॉन्ड्री घडी घालताना, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत एखादं वाक्य मनात म्हणता येतं. तेवढ्याने सुरुवात होते.

ऑफिसचंही थोडं सांगते, कारण परदेशात आपला अर्धा दिवस तिथेच जातो. दानीएल तर बंदिवान म्हणून परक्या देशात नेलेला. तो खिडक्या उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना करी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायात सहा वचनं आधी काय आहे? त्याचे विरोधक त्याच्या सरकारी कारभारात खोट शोधत होते आणि त्यांना ना गैरव्यवहार सापडला ना हलगर्जीपणा (दानीएल 6:4). टाइमशीटवरचे तास, आजारपणाची रजा, टॅक्सचा फॉर्म, हे सगळं त्यात आलं.

मुलाशी मात्र आजच बोला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूने सांगितलंय (मत्तय 5:23-24). "तू म्हणालास ते बरोबर होतं. मी चिडते. सॉरी." एवढंच. त्याला इंग्रजी सोपं जात असेल तर इंग्रजीत म्हणा. पुढे "पण तूही…" नको.

आणि यजमान. 1 पेत्र 3:7 मध्ये नवऱ्यांना सांगितलंय की बायकोला मान देऊन राहा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. हे वचन आता तुमच्या डोळ्यांसमोर चमकलं असेल. ते त्यांना वाचून दाखवू नका. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला बायकांसाठी लिहिलंय की वचन न मानणारे नवरेही बायकांचं वागणं पाहून, एक शब्दही न बोलता, जिंकले जातात. तेव्हा सहा महिने त्यांना प्रार्थनेला बोलावणं बंद करा. रात्री मुलांबरोबर पाच मिनिटं बसता तेव्हा दार उघडं ठेवा. ते आले तर सरकून जागा द्या, आणि त्यांनाच प्रार्थना करायला सांगून अवघडून टाकू नका.