सॅलडच मागवते, तरी वजन का वाढतंय?

बाहेर जेवण्यावरचे बरेच प्रश्न साठलेत. त्यांतले पाच आज घेते.

प्रश्न : कामामुळे आठवड्यातून तीन-चारदा बाहेर जेवावं लागतं. तळलेलं टाळून मी सॅलडच मागवते. तरी दोन किलो वजन वाढलं. चुकतंय कुठे?

उत्तर : पाल्यात काही चूक नाही, त्यावर काय ओतलंय ते बघा. एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. पानं चकाकेपर्यंत ड्रेसिंग घातलं की असे दोन-तीन चमचे सहज जातात. वर किसलेलं चीज आणि पावाचे तळलेले तुकडे. काकडी-टोमॅटोच्या नावाखाली अख्खं जेवण होतं आणि ‘आज हलकंच खाल्लं’ म्हणत शेवटी आइस्क्रीम मागवलं जातं, ते वेगळंच.

ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागा. काट्याचं टोक त्यात बुडवायचं आणि मग पान टोचायचं. प्रत्येक घासाला चव लागते आणि निम्म्याहून जास्त वाटी तशीच उरते. मी स्वतः असंच खाते. समोरच्याला जरा विचित्र वाटतं, वाटू दे.

मेनूकार्डावरच्या नावांवरही फार विसंबू नका. ‘ग्रिल्ड’ लिहिलेल्या पदार्थावरून शेवटी बटर फिरवलेलं असू शकतं. ‘हे करतात कसं?’ एवढं वेटरला विचारलं की पुरतं.

आणि सोबत काय पिता, ते तुम्ही लिहिलंच नाही! कोलाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रश्न : वडील जेवणाआधी इन्सुलिन घेतात. हॉटेलात ऑर्डर देऊन त्यांनी लगेच इंजेक्शन घेतलं. जेवण यायला पाऊण तास लागला. तोवर त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले.

उत्तर : साखर उतरली होती. ऑर्डर दिली म्हणजे ताट समोर आलं, असं नसतं. त्यांचं इन्सुलिन कोणत्या प्रकारचं आहे आणि बाहेर जेवताना ते ताट समोर आल्यावर घेतलेलं चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. खिशात ग्लुकोज हवंच. असा त्रास झाला की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा टेबलस्पूनभर साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी रक्तातली साखर तपासायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : रात्री बुफे असेल तर दुपारचं जेवण टाळावं का?

उत्तर : मुळीच नको. उपाशी माणूस पहिल्याच टेबलापाशी ताट भरतो. निघण्यापूर्वी एखादं फळ किंवा वाटीभर दही खा. तिथे पोचल्यावर रिकाम्या हातांनी एक फेरी मारा, काय काय आहे ते बघा आणि मगच ताट घ्या.

प्रश्न : मला रक्तदाब आहे. हॉटेलात वरून मीठ घेत नाही. पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं आणि बाहेरच्या जेवणातलं बहुतेक मीठ पदार्थात आधीच मुरलेलं असतं. सूप, सॉस, लोणच्यासारखे आंबवलेले प्रकार यांत ते जास्त. एक गंमत सांगते. ‘मीठ कमी घाला’ म्हटल्यावर वेटर मान डोलावतो. पण ग्रेव्ही सकाळीच शिजवून ठेवलेली असेल आणि मांस मसाल्यात मुरत पडलेलं असेल, तर आचारी तरी काय करणार? म्हणून ऑर्डर आल्यावर तव्यावर किंवा वाफेवर होणारा पदार्थ निवडा, तिथे तुमचं म्हणणं ऐकता येतं. बाउलभर सूप संपवण्याऐवजी चार चमचे चाखा.

प्रश्न : ताटातलं खूप उरतं. पार्सल करून आणलेलं दुसऱ्या दिवशी चालतं का?

उत्तर : चालतं. खरं तर ताट समोर येताच निम्मं बाजूला काढून ठेवा, उष्टंही होत नाही आणि पोटाला तडसही लागत नाही. फक्त शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि खाताना आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम करायला हवं. हे दोन तास पदार्थ टेबलावर आल्यापासून मोजायचे. पार्सल गाडीत ठेवून सिनेमाला गेलात, तर घरी आल्यावर ते सरळ कचऱ्यात टाका.