२०–२५ हजारांत घरी सीएनसी राउटर बनवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाकूड, एमडीएफ, अॅक्रिलिक आणि पीसीबीसाठी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) २ फूट × २ फुटांचं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारं-कोरणारं मशीन, २५ हजारांच्या आत घरी उभं राहील का, आणि त्यावर अॅल्युमिनियम कापता येईल का?

मशीन उभं राहील, पण २ फुटांचा आग्रह सोडा. पहिल्या मशीनला ३०० × ३०० मिमी पुष्कळ झालं. दोन टोकांना धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला तो मध्ये आठपट वाकतो. उलट त्याचा व्यास ८ मिमीवरून १२ केला की वाक पाचपट कमी होतो, १६ केला की सोळापट. थ्रीडी प्रिंटरवर ८ मिमीच्या दांड्या चालतात, कारण तिथे नोझलला कशाला रेटायचं नसतं. इथे बिट (फिरणारं कापायचं पातं) लाकडाला ढकलतो आणि लाकूड बिटला. म्हणून माझा सगळ्यात ठाम सल्ला हा की पैशाचा मोठा वाटा सांगाड्यात आणि रेलमध्ये (ज्यांवर भाग सरकतात ते दांडे) घाला. कंट्रोलर (हुकूम देणारा बोर्ड) आणि ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड) स्वस्त असतात, पुढे बदलताही येतात. लवचिक सांगाडा मात्र पुन्हा नव्यानेच बांधावा लागतो.

रचना स्थिर गॅन्ट्रीची ठेवा: वरची कमान पक्की आणि खालचा टेबल पुढे-मागे सरकणारा. मशीन जागा जास्त खातं, ३०० मिमी प्रवासासाठी पाया साधारण ६५०–७०० मिमी लांब लागतो. पण कमान पायाला घट्ट बांधलेली असल्याने कडकपणा फुकटात मिळतो आणि तीन मोटरमध्ये काम भागतं. सरकत्या गॅन्ट्रीला वाय अक्षावर (वाय म्हणजे पुढे-मागे, एक्स डावी-उजवीकडे, झेड वर-खाली) सहसा दोन मोटर लागतात, आणि त्यांचा ताळमेळ चुकला की कमान तिरकी होते.

एक्स आणि वायला एसबीआर १६ रेल घ्या, ज्यांना खालून पूर्ण लांबीभर अॅल्युमिनियमचा आधार असतो. एक्सला ४५० मिमीच्या दोन, वायला ५५० मिमीच्या दोन आणि प्रत्येक रेलवर दोन ब्लॉक (रेलवरून सरकणारे बेअरिंगचे ठोकळे). झेडला १२ मिमीचे दोन दांडे चालतील, कारण ते आखूड असतात. झेडचा प्रवास ६०–७० मिमीच ठेवा. बिटचं टोक एक्सच्या रेलपासून जितकं खाली लटकेल तितकी थरथर वाढते.

सांगाड्याला १८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का पाहून, दोन थर चिकटवून वापरा. एमडीएफ सपाट मिळतो म्हणून मोह होतो, पण मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तो फुगतो आणि जूनमध्ये जुळवलेलं मशीन ऑगस्टमध्ये तिरकं निघतं. फॅब्रिकेटर ओळखीचा असेल तर एमएसचा (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप उत्तमच. फक्त वेल्डिंगची उष्णता पाइप ओढून घेते, हे धरून चाला. रेल बसणारी पट्टी आधी तपासा आणि कमी पडेल तिथे पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवा. पहिली रेल पूर्ण कसा. दुसरी ढिली ठेवून टेबल हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत तिचे बोल्ट एकेक आवळा. टेबल कुठे जड झाला तर तिथे रेल समांतर नाही.

एक्स आणि वायला टी८ लीडस्क्रू (फिरून भाग सरकवणारा ८ मिमी व्यासाचा स्क्रू), ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा), म्हणजे चार सुरुवातींचा (चार आटे शेजारी-शेजारी). झेडला मात्र २ मिमी लीडचा, एकाच सुरुवातीचा घ्या. चार सुरुवातींचा स्क्रू वीज गेल्यावर स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) वजनाने उलटा फिरू शकतो आणि बिट कामात घुसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्क्रूचा सगळा रेटा कपलिंगवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) सोडणं. स्प्रिंगसारखं कापलेलं कपलिंग अक्षाच्या दिशेनेही ताणतं, त्यामुळे खोली हलती राहते. स्क्रूच्या मोटरकडच्या टोकाला ६०८ बेअरिंग (आतला व्यास ८ मिमी) आणि दोन्ही बाजूंना लॉक कॉलर लावा. रेटा त्यांनी घ्यावा, कपलिंगने फक्त फिरवावं.

मोटर नेमा १७ मापाच्या स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या) पुरतात, ४८ मिमी लांबीच्या असल्या तर बरं. कंट्रोलरला आर्डुइनो उनो बोर्ड, त्यावर सीएनसी शील्ड (ड्रायव्हर बसवायचा बोर्ड), डीआरव्ही८८२५ ड्रायव्हर, २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि जीआरबीएल फर्मवेअर (उनोवर चालणारा, मशीन हलवणारा प्रोग्राम). ड्रायव्हर बसवताना त्याची ईएन (एनेबल) पिन शील्डच्या ईएनवरच आली पाहिजे. पोटेन्शिओमीटरच्या बाजूवरून दिशा ठरवू नका, ए४९८८ या दुसऱ्या ड्रायव्हरवर तो उलट टोकाला असतो आणि उलटा बसवलेला ड्रायव्हर तिथेच जळतो. करंटचं सूत्र सोपं आहे: डीआरव्ही८८२५ वर मीटरने मोजलेल्या व्हीरेफच्या (पोटेन्शिओमीटरने ठरणाऱ्या व्होल्टेजच्या) दुप्पट अँपिअर. १.२ अँपिअर हवा असेल तर ०.६ व्होल्ट. हीटसिंक आणि छोटा पंखा लावाच. वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर त्याच क्षणी जातो.

शील्डवरचा जम्पर (दोन पिना जोडणारी टोपी) फक्त तिसरा (एम२) लावला तर १/१६ मायक्रोस्टेप मिळतात, म्हणजे मोटरच्या एका टप्प्याचे सोळा भाग. मग एक्स-वायला २०० × १६ ÷ ८ = ४०० स्टेप प्रति मिमी (२०० हे मोटरच्या एका फेऱ्यातले टप्पे; जीआरबीएलच्या सेटिंग $१०० आणि $१०१), झेडला १६०० ($१०२). तिन्ही जम्पर लावले तर डीआरव्ही८८२५ १/३२ वर जातो, आणि १०० मिमी सांगितल्यावर मशीन ५० च चालतं. वेग सुरुवातीला एक्स-वायला २००० मिमी प्रति मिनिट आणि झेडला ६०० ठेवा. $१ ला २५५ द्या, म्हणजे थांबल्यावरही मोटर जागा धरून राहतील.

लिमिट स्विचवर (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा स्विच) बरेच जण अडकतात. जीआरबीएल १.१ मध्ये झेड लिमिट १२ क्रमांकाच्या पिनवर आहे आणि ११ वर स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल). शील्डवरची छापील नावं जुन्या मांडणीची असतील तर झेडचा स्विच ‘स्पिंडल एनेबल’च्या पिनवर लावावा लागतो. त्यापुढचा त्रास ब्रशवाल्या मोटरच्या विद्युत गोंगाटाचा: ट्रिमर (स्पिंडल म्हणून बसवायचा हातातला छोटा राउटर) चालू केला की स्विच दाबला नसतानाही अलार्म १ (लिमिट लागल्याचा इशारा) येतो आणि काम थांबतं. स्विच एनसी पद्धतीने (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडा ($५=१), सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, शील्डेड वायर वापरून तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. ट्रिमरची वायर मोटरच्या वायरींपासून लांब न्या. एसएमपीएसची बॉडी आणि लोखंडी सांगाडा यांना अर्थिंग हवंच, यात तडजोड नको.

स्पिंडलसाठी वेग कमी-जास्त करता येणारा ५००–६०० वॉटचा ट्रिमर घ्या. ७७५ ही छोटी डीसी मोटर पीसीबीपुरती ठीक. बिट ६ मिमी शँकचा (पकडीत जाणारा दांडा) आणि ३ मिमी कापणारा घ्या. बारीक शँकला नळी चढवून बसवलं तर तो डुगडुगतो. फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) म्हणजे आरपीएम × दाते × प्रत्येक दाताची चिप (एका दाताने काढलेल्या कपचीची जाडी). ३०,००० आरपीएमला दोन दाती बिट ०.०३ मिमीने चालवायचा तर १८०० मिमी प्रति मिनिट लागतात. भीतीपोटी ३०० ने चालवलात तर बिट कापत नाही, घासतो, आणि लाकूड काळं पडतं. खोली कमी करा, फीड नको. अॅक्रिलिकला एकदाती बिट, १०,००० आरपीएम आणि १००० च्या आसपास फीड. शीट कास्टच घ्या, एक्स्ट्रुडेड लवकर वितळून बिटला चिकटते.

लाकडाला हात लावण्याआधी बिटच्या जागी पेन बांधा. एक्सवर १५० आणि वायवर २०० मिमीची रेघ काढा, कर्ण २५० भरला तर अक्ष काटकोनात आहेत. मग वर्तुळ काढा. ते चार ठिकाणी, जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, चपटं आलं तर स्क्रूच्या नटमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे.

खर्च साधारण असा: प्लाय आणि नटबोल्ट ३,०००, रेल आणि ब्लॉक ७,०००, मोटर २,५००, स्क्रू-बेअरिंग-कपलिंग २,५००, इलेक्ट्रॉनिक्स ३,०००, ट्रिमर ३,०००, बिट-वायर-स्विच २,०००. दर दुकानागणिक बदलतात. इलेक्ट्रॉनिक्ससाठी पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड; बेअरिंग-नटबोल्टला मुंबईतलीच नागदेवी.

पीसीबी करताना बोर्ड कधीच पूर्ण सपाट नसतो. ए५ पिनवर प्रोब (बोर्डाला टेकल्याचं ओळखणारी वायर) लावून कँडल किंवा बीसीएनसी या प्रोग्राममध्ये उंचीचा नकाशा घ्या, मग ०.१ मिमी खोलीने ट्रॅक कोरा. फायबरग्लासची धूळ फुप्फुसांना वाईट, चांगला मास्क आणि व्हॅक्यूम हवाच.

राहिलं अॅल्युमिनियम. या मशीनवर एकदाती बिटने, दर फेरीला ०.२ मिमी खोलीने पातळ पट्ट्या कापता येतील. कापलेला चुरा सतत हवेने उडवत राहा. खाचेत राहिला तर बिटला चिकटतो आणि बिट तुटतो. जाड ब्लॉक मात्र यावर लावू नका.