येशूचं दुसरं आगमन जवळ आलं असेल, तर शिक्षण आणि बचत कशासाठी? खरी तयारी म्हणजे काय?

तुमचा प्रश्न वाचून वाटलं, की कुणीतरी तुम्हाला चांगलंच घाबरवलेलं दिसतंय. चार वर्षांचा अभ्यासक्रम आता घ्यावा की नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर सरळ आहे: घ्या.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय उघडा. नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दृष्टांत आपण लहानपणापासून ‘जागे राहा’ म्हणून ऐकतो. पण नीट वाचलं तर झोप दहाही जणींना लागते, शहाण्यांनासुद्धा, आणि त्यासाठी त्यांना कुणी बोल लावत नाही. फरक पडतो तो तेलाचा. नवरदेव लगेच येईल असं धरून पाच जणी नुसते दिवे घेऊन निघाल्या. उशीर होऊ शकतो हे धरून उरलेल्या पाच जणींनी भांड्यांतून तेलही घेतलं. म्हणजे तयारी दोन्हीची हवी: तो आज आला तरी, आणि त्याला यायला उशीर झाला तरी. शिक्षण, संसार, बेताची बचत यांचा या तयारीशी काही झगडा नाही. (शहाण्यांनी तेल वाटून का दिलं नाही, हे मला अजूनही खटकतं. आईवडिलांच्या विश्वासावर आपलं भागत नाही, एवढं मात्र त्यातून कळतं.)

थेस्सलनीका शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतही काही जण कामधंदा सोडून लोकांच्या उठाठेवी करत फिरत होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं ऐकून हबकून जाऊ नका, असं प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो आणि काम करायची इच्छा नसणाऱ्याने खाऊही नये, असंही त्याच पत्रात ठणकावतो.

तारखा सांगणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी तर शेतातलं उभं पीकही काढलं नाही. तिथलेच रेडिओवरचे प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती टळल्यावर ऑक्टोबर सांगितला. आपल्याला मात्र मत्तय २४:३६ पुरे: तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

मग करायचं काय? लूक २१:३४ मध्ये येशू मन जड करणाऱ्या गोष्टी सांगतो: अधाशीपणा, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता. चिंता दारूच्या पंगतीला बसवलीय, हे आपण सहसा विसरतो. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी बोला. कुणाचे पैसे देणं असेल तर ते द्या. प्रार्थना, वचन, मंडळीची सोबत हे सोडू नका. पापाची कबुली ‘नंतर बघू’ म्हणून लांबवू नका.

आणि मत्तयाच्या त्या २५ व्या अध्यायाच्या शेवटचा न्यायाचा प्रसंगही वाचा. भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याची विचारपूस केली, तुरुंगातल्याला भेटायला गेले, ते न्याय करणाऱ्या राजाच्या उजव्या हाताला उभे आहेत. त्यांनाच आश्चर्य वाटतं. ‘प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं?’ असं ते विचारतात. आपण तयार आहोत याचा त्यांना पत्ताच नव्हता. ‘मी पुरेसा तयार आहे का’ या प्रश्नाने तुमची झोप उडालीय म्हणून हे मुद्दाम सांगतोय.