वाचक विचारतात : एका ‘हो’ची धास्ती

प्रश्न : युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत १९७४ मध्ये इटलीच्या वतीने जिल्योला चिंक्वेत्ती या गायिकेने गायलेले ‘सी’ हे प्रेमगीत खुद्द इटलीतच ऐकवले गेले नव्हते, असे वाचनात आले. एका साध्या प्रेमगीतात सरकारी प्रसारणसंस्थेला आक्षेपार्ह असे काय आढळले असावे?

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. गाण्याच्या आशयाला कोणाचाच आक्षेप नव्हता. अडचण होती ती शीर्षकाची आणि तारखेची. इटालियन भाषेत ‘सी’ म्हणजे ‘हो’. स्पर्धा ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाली आणि त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १२ व १३ मे रोजी, इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत व्हायचे होते. घटस्फोटाला मान्यता देणारा कायदा १९७० मध्ये संमत झालेला होता आणि तो रद्द करावा काय, असा प्रश्न मतदारांपुढे होता. त्यामुळे मतपत्रिकेवर ‘सी’ म्हणजे कायदा रद्द करा, आणि ‘नो’ म्हणजे तो राहू द्या. ज्याला घटस्फोटाचा हक्क हवा होता त्याने ‘नाही’ म्हणायचे, असा हा काहीसा उलटा मामला होता. भिंतीभिंतींवर हे दोनच शब्द रंगवले जात असताना ‘सी, सी’ असे पुन्हा पुन्हा आळवणारे गाणे घराघरांत ऐकू गेले, तर तो छुपा प्रचार ठरेल, अशी धास्ती ‘राय’ या राष्ट्रीय प्रसारणसंस्थेला वाटली. तिने स्पर्धेचे थेट प्रक्षेपण दाखवले नाही आणि महिनाभराहून अधिक काळ हे गाणे सरकारी दूरचित्रवाणी व नभोवाणीवर जवळजवळ बंदच राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘हो’च्या बाजूने प्रचार करणारा मुख्य पक्ष म्हणजे सत्तेतील ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष होता आणि ‘राय’वर त्या काळी त्याच पक्षाचा पगडा होता. म्हणजे गाण्याचा काही परिणाम झालाच असता, तर तो त्यांच्या पथ्यावरच पडला असता. म्हणून या प्रकाराला धर्मसत्तेने प्रेमगीताची केलेली मुस्कटदाबी म्हणणे मला पटत नाही. उद्या आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून अधिकाऱ्यांनी घेतलेली ती फाजील खबरदारी होती. शिवाय गाण्याचे शब्द पाहिले, तर त्यातील स्त्री कोणालाही ‘हो म्हणा’ असे सांगतच नाही. आपण हळुवारपणे ‘हो’ म्हणालो, असे ती भूतकाळात सांगते, आणि ते क्रियापदही इटालियनमध्ये ज्याला दूरचा भूतकाळ म्हणतात त्या रूपातले आहे. घडून गेलेल्या होकाराची ही आठवण आहे. तिला मतदाराला केलेले आवाहन समजणे अवघडच. पण रेडिओवर कान देणाऱ्याच्या मनात व्याकरण नव्हे, तर ध्रुपद राहते, हेही तितकेच खरे. दीर्घ ‘ई’वर संपणारा तो एकाक्षरी शब्द गायिकेला हवा तितका लांबवता येतो, आणि याच गुणामुळे तो त्या वर्षी अडचणीचा ठरला.

सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी ‘नो’ म्हटले आणि कायदा टिकला.

प्रश्न : या बंदीमुळेच जिल्योला चिंक्वेत्ती यांचा पहिला क्रमांक हुकला, असे म्हणता येईल काय?

उत्तर : नाही. त्या वर्षी प्रत्येक देशाचे दहा परीक्षक होते आणि प्रत्येकाला आपल्या आवडत्या गाण्याला एकच मत देता येत असे. स्वतःच्या देशाच्या गाण्याला मत देण्याची मुभा कोणालाच नव्हती. त्यामुळे इटलीतील प्रेक्षकांनी गाणे पाहिले किंवा न पाहिले, तरी निकालात फरक पडण्याचे कारण नव्हते. सतरा गाण्यांमध्ये चिंक्वेत्ती सर्वांत शेवटी गायल्या आणि १८ मते मिळवून दुसऱ्या आल्या. २४ मते घेऊन पहिला आला तो स्वीडनचा ‘आबा’ हा गट. ज्या रात्री युरोपला त्यांच्या ‘वॉटर्लू’ या गाण्याचा ठेका सापडला, त्या रात्री संथ लयीच्या प्रेमगीताने दुसरा क्रमांक राखणे ही लहान गोष्ट नव्हे, असे माझे मत आहे.

आपल्या पत्रात उल्लेख नसला, तरी हे सांगायला हवे की याच चिंक्वेत्तींनी १९६४ मध्ये कोपनहेगन येथे वयाच्या सोळाव्या वर्षी ही स्पर्धा ४९ गुण मिळवून जिंकली होती. दुसऱ्या क्रमांकाला तेव्हा १७ गुण होते. त्या विजयी गीताचा आशय ‘तुझ्यावर प्रेम करण्याचे माझे वय नाही’ असा होता. वय नाही म्हणणाऱ्या मुलीने दहा वर्षांनी ‘हो’ म्हटले, तर ते तिच्याच देशात ऐकवले गेले नाही! ब्रिटनमध्ये मात्र ‘सी’ची इंग्रजी आवृत्ती लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोचली. गंमत अशी की इंग्रजीत तिचे शीर्षक झाले ‘गो’, म्हणजे ‘जा’.

प्रश्न : सान्रेमो या इटलीतील गीतमहोत्सवात ऐकलेले इटालियन गीत युरोव्हिजनमध्ये तोकडे का वाटते?

उत्तर : कारण तेथे ते खरोखरच कापलेले असते. युरोव्हिजनमध्ये गाणे तीन मिनिटांपेक्षा लांब चालत नाही. या काटेकोरपणाचे मूळही एका इटालियन प्रेमगीतातच आहे : १९५७ मध्ये फ्रँकफर्ट येथे नुन्त्सिओ गाल्लो यांनी गायलेले गिटारच्या तारांवरचे गीत पाच मिनिटे नऊ सेकंद चालले आणि त्यानंतर वेळेची मर्यादा कडकपणे पाळली जाऊ लागली. इटालियन प्रेमगीताची चढण सावकाश असते. आधी जवळजवळ बोलल्यासारखे कडवे, मग वाद्यवृंदाची भर, आणि शेवटी पूर्ण गळ्याने ध्रुपद. कात्री बहुधा मधल्या पायऱ्यांवर चालते आणि गायक एकदम माथ्यावर पोचल्यासारखा वाटतो. २०१५ मध्ये व्हिएन्नात ‘इल व्होलो’ या तीन गायकांच्या ‘ग्रांदे आमोरे’ या गीतालाही याच कात्रीखालून जावे लागले. प्रेक्षकांच्या मतांत ते पहिले आले, परीक्षकांनी त्याला सहावे ठेवले, आणि एकत्रित निकालात ते तिसरे ठरले.