रोमांच, काटा की शहारा?

प्रश्न असा आला आहे: ‘भुताची गोष्ट ऐकून अंगावर रोमांच उभे राहिले’ हे वाक्य चूक आहे का? भीतीने काटा येतो, रोमांच तर आनंदाचे असतात ना?

माझ्या मते चूक नाही. रोमांच म्हणजे अंगावरची लव ताठ होणे. ती कशामुळे ताठ झाली, हे या शब्दात मुळात नाहीच. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटते त्या खुणा, येतात: स्तंभ (अंग ताठरणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणे). (इथे सात्त्विक म्हणजे सोज्वळ नव्हे. भरताच्या लेखी सत्त्व मनातून उपजते, मन एकाग्र झाले की.) रोमांचाची कारणे सांगताना भरत स्पर्श, भय, थंडी, हर्ष, क्रोध आणि रोग एकाच दमात मोजतो.

गीतेतच बघा. पहिल्या अध्यायात (१.२९) खचलेला अर्जुन म्हणतो, अंगाला कंप सुटलाय, रोमहर्ष होतोय. आणि अठराव्यात (१८.७४) संजय तोच संवाद ‘अद्भुत, रोमहर्षण’ म्हणून सांगतो. लव उभी राहिली ती दोघांचीही; एकाची विषादाने, एकाची विस्मयाने.

‘काटा’ची गोष्ट तर याहून सुंदर आहे. कालिदासाच्या रघुवंशात अज-इंदुमतीच्या लग्नात पाणिग्रहणाच्या वेळी अजाचा हात ‘कंटकित’ (कंटक म्हणजे काटा) होतो आणि इंदुमतीच्या बोटांना घाम सुटतो. म्हणजे कालिदासाकडे काटा लग्नमंडपातल्या आनंदाचा! मराठीत तो पुढे भीतीकडे झुकला, तरी पोवाडा रंगला की आजही आपण ‘अंगावर काटा आला’ असेच म्हणतो. शहारा मात्र बहुधा गार वाऱ्याचा, अवचित स्पर्शाचा, एखाद्या नकोशा आठवणीचा.

शरीराला ही वाटणी ठाऊक नाही. केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आखडतो आणि लव उभी राहते. कारण थंडी असो, भय असो की गाणे. तळहाताचा घाम मोजणाऱ्या यंत्राचीही हीच अडचण. मन किती खळबळले याचा अंदाज त्यावरून येतो, पण ते रागाने की आनंदाने, हे एकट्या घामावरून सांगता येत नाही. आपल्या भाषेने मात्र एकाच खुणेला तीन शब्द देऊन ते बरेचसे साधले आहे.

म्हणून भुताच्या गोष्टीत मी स्वतः ‘काटा’ लिहीन, वाचणाऱ्याला भीती लगेच कळते. पण कुणी ‘रोमांच’ लिहिले तर त्याखाली लाल रेघ ओढणार नाही.