मागचा पडदा आणि वाऱ्याचा भार

प्रश्न : आमच्या संस्थेचा मोठा सोहळा खुल्या मैदानावर होणार असून मंचामागे 12 मीटर रुंद आणि 6 मीटर उंच छापील कापडी पडदा ट्रसवर, म्हणजे धातूच्या नळ्या जोडून केलेल्या सांगाड्यावर, ताणून बसवायचे ठरले आहे. पडदा काही मिनिटांत खाली घेता आला नाही तर काम घेणार नाही, असे रिगिंग करणारे (मंचावरचे सामान उंचावर टांगून बांधणारे) म्हणतात. नेपथ्यकारांना मात्र तो चारही बाजूंनी घट्ट, सुरकुती नसलेला हवा आहे. एवढ्या हलक्या कापडाची इतकी धास्ती कशासाठी?

उत्तर : रिगिंग करणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि अशी अट घालणारी माणसे तुम्हाला मिळाली याचे मला समाधान वाटते. कापडाचे वजन येथे गौण आहे. 72 चौरस मीटरचा ताणलेला पडदा म्हणजे गलबताचे शीडच. ताशी 36 किलोमीटर वेगाचा वारा त्यावर समोरून आदळला, तर ढोबळ हिशेबाने साडेचारशे किलो वजनाइतका जोर पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून ताशी 72 किलोमीटरच्या झोतात हाच आकडा 1,800 किलोच्या घरात जातो. शिवाय हा जोर उंचावर आणि आडवा लागत असल्याने तो सगळा सांगाडा उलटवू पाहतो, आणि पायाशी ठेवलेली वजने सरकतात किंवा उचलली जातात. 2011 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्य जत्रेत वादळी वाऱ्याने मंचाचे छत कोसळून 7 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ताणदोर ज्यांना बांधले होते ते काँक्रीटचे ठोकळे अपुरे असल्याचे तपासात आढळले.

जाळीदार कापडाने भार कमी होतो, पण नाहीसा होत नाही. पडद्याला जागोजागी अर्धगोल चिरा देण्याच्या युक्तीवर तर अजिबात विसंबू नये.

नेपथ्यकारांची अपेक्षाही पुरी होऊ शकते. पडद्याची वरची कड कप्प्यांवरून वरखाली होणाऱ्या वेगळ्या नळीला बांधावी आणि बाजूच्या कडा रबरी दोऱ्यांनी ताणाव्यात, म्हणजे कापड सपाट राहील आणि जमिनीवरूनच उतरवता येईल. वादळ समोर असताना गाठी सोडायला कोणालाही ट्रसवर चढवणे मला मान्य नाही. कोणत्या वेगाला पडदा उतरवायचा, हा आकडा संरचना अभियंत्याकडून लेखी घ्यावा, वारा मोजण्याचे यंत्र ट्रसच्या माथ्यावर लावावे, आणि तो आकडा गाठताच आयोजकांना न विचारता आदेश देण्याचा अधिकार एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे असावा.

उतरवण्याची तालीम मात्र नेपथ्य पूर्ण उभे राहिल्यावरच घ्यावी. रिकाम्या मंचावर सहज खाली येणारा पडदा, नंतर त्याला खेटून ठेवलेल्या कमानींवर आणि चौकटींवर अडकतो. त्यामुळे त्याच्या पायथ्याशी माणसाला चालता येईल एवढी मोकळी पट्टी आराखड्यातच आखून घ्यावी.